लग्नाचे वय आणि लग्नाचे मन

मार्च २०२५ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करण्यासाठी एक राष्ट्रीय कृतिदल नेमले आणि त्याचे अध्यक्षपद निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्याकडे सोपवले. त्यामागे एक भयावह आकडा होता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले होते, आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. वृत्तपत्रांतून त्यावर पुष्कळ लिहिले गेले. परीक्षांचे ओझे, वसतिगृहातील एकाकीपण, जातीवरून होणारी अवहेलना, पालकांच्या न संपणाऱ्या अपेक्षा असे अनेक मुद्दे चर्चेत आले.

आम्हांला या चर्चेचा विचार एका वेगळ्या अंगाने करावासा वाटतो. ज्या पिढीच्या मनाची काळजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला करावी लागते, तीच पिढी आणखी चार-पाच वर्षांनी आपल्या धर्मग्रामांच्या कार्यालयांत लग्नाची तारीख मागण्यासाठी येते. तेव्हा आपण तिच्याकडे बाप्तिस्म्याचा दाखला मागतो, दृढीकरणाचा दाखला मागतो, विवाहपूर्व शिबिराचे प्रमाणपत्र मागतो. तिच्या मनाची विचारपूस कोणी करीत नाही. पदवी मिळाली, नोकरी लागली, वय झाले, म्हणजे लग्नाची तयारी झाली, असे घरोघरी गृहीत धरले जाते. मनाची तयारी नावाचे काही वेगळे असते, हे आपल्या समाजाच्या अद्याप पुरते ध्यानी आलेले नाही.

देशाचा कायदाही या बाबतीत वयापाशीच थांबतो. मुलाला २१ आणि मुलीला १८ वर्षे पूर्ण असावीत, एवढेच तो पाहतो. मुलींचे वयही २१ करावे, यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत विधेयक मांडले गेले. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही तिच्याबरोबर संपुष्टात आले. हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या राज्यापुरते तसे विधेयक मंजूर केले. बालविवाहाची कीड अजून पुरती गेलेली नसलेल्या देशात वयाची ही चर्चा अनाठायी आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु आपल्या धर्मग्रामांतील मुली आज पदवी घेतल्याशिवाय सहसा बोहल्यावर चढत नाहीत. आपला प्रश्न अठरा की एकवीस हा नाही. पंचविशीतील सुशिक्षित, कमावता तरुण लग्नानंतर वर्षभरातच हताश होऊन धर्मगुरूंकडे येतो तो का, हा आपला प्रश्न आहे.

ख्रिस्तसभेच्या धर्मसंहितेने विवाहासाठी पुरुषाला १६ व स्त्रीला १४ वर्षे अशी किमान मर्यादा घातली आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. ही मर्यादा संपूर्ण जगासाठी आहे, आणि ती वाढवण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या बिशप परिषदेला दिलेला आहे. शिवाय, जो विवाह देशाच्या कायद्यानुसार मान्य होणार नाही, तो बिशप महोदयांच्या किंवा त्यांच्या वतीने अधिकार असलेल्या व्यक्तीच्या परवानगीवाचून लावू नये, असा स्पष्ट नियम आहे. तेव्हा आपल्याकडे देशाचेच वय लागू होते. ध्यानी घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. धर्मसंहितेने वयाची अट इतकी खाली ठेवली, पण मनाची अट मात्र पुष्कळ वर नेली.

हा बदल सावकाश झाला. १९१७ च्या जुन्या संहितेत एवढीच अपेक्षा होती की, विवाह म्हणजे अपत्यप्राप्तीसाठी स्त्री-पुरुषांचे कायमचे सहजीवन, हे वधूवरांना निदान ठाऊक असावे. आणि वयात आलेल्या व्यक्तीला ते ठाऊक असतेच, असे गृहीत धरले जाई. पुढे मानसशास्त्र व मनोविकारशास्त्र यांची प्रगती झाली. रोममधील रोटा या ख्रिस्तसभेच्या न्यायालयापुढे अशी प्रकरणे येऊ लागली, ज्यांत माणसाला विवाह म्हणजे काय हे ठाऊक होते, पण तो निभावण्याची शक्ती त्याच्या मनात मुळातच नव्हती. त्या निकालांतून जे शहाणपण साठत गेले, ते १९८३ च्या नव्या संहितेतील कॅनन १०९५ मध्ये उतरले. या कॅननप्रमाणे तीन प्रकारच्या व्यक्ती विवाहाची संमती देण्यास असमर्थ ठरतात. पहिली, जिला विवेकशक्तीचा पुरेसा वापर करता येत नाही ती. दुसरी, विवाहात परस्परांना जे मूलभूत हक्क द्यायचे व जी कर्तव्ये स्वीकारायची, त्यांविषयी सारासार निर्णय घेण्याच्या क्षमतेत जिच्या ठायी गंभीर उणीव आहे ती. तिसरी, मानसिक स्वरूपाच्या कारणांमुळे जी विवाहाची मूलभूत बंधने पेलूच शकत नाही ती.

विवाह होतो तो वधूवरांच्या संमतीने. वेदीपुढे धर्मगुरू असतात ते ती संमती विचारण्यासाठी व ख्रिस्तसभेच्या नावे स्वीकारण्यासाठी. जगातील कोणतीही सत्ता ती संमती दुसऱ्याच्या वतीने देऊ शकत नाही. म्हणूनच, संमती देणारे मन कितपत स्वतःचे आहे, हा प्रश्न केवळ मानसशास्त्रज्ञांचा राहत नाही, तो या पवित्र संस्काराच्या गाभ्याला भिडतो.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. कॅनन १०९५ चे नाव अलीकडे आपल्या समाजात फार सैलपणे घेतले जाऊ लागले आहे. भांडण झाले, पटेना, की ‘ती मॅच्युअर नव्हती’, ‘तो तयारच नव्हता’ असे म्हणत धर्मप्रांताच्या विवाह न्यायालयाची वाट धरायची, अशी एक समजूत पसरते आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ साली रोटाच्या न्यायाधीशांना उद्देशून केलेल्या भाषणात याचीच दखल घेतली होती. अडचण वेगळी आणि असमर्थता वेगळी, हे त्यांनी निक्षून सांगितले. केवळ असमर्थतेमुळेच विवाह मुळात अवैध ठरतो. त्यांनी केलेला दुसरा भेद तर अधिकच मोलाचा आहे. मानसशास्त्रज्ञ ज्याला परिपक्वता म्हणतात, ते मानवी विकासाचे अखेरचे मुक्कामाचे ठिकाण आहे. कायद्याला हवी असलेली परिपक्वता ही प्रवासाला निघण्यापुरती किमान शिदोरी आहे. दोहोंची गल्लत केली, तर जगातील एकही विवाह वैध ठरणार नाही!

तेव्हा महाविद्यालयांतून बाहेर पडणारी आपली मुले-मुली बहुतेक सर्व कायद्याच्या दृष्टीने विवाहास समर्थ आहेत, याविषयी शंका नको. पण समर्थ असणे आणि सिद्ध असणे यांत फार मोठे अंतर आहे. पोहण्यास हातपाय पुरेसे असतात, म्हणून कोणी मुलाला भरतीच्या वेळी खाडीत ढकलून देत नाही.

या वयाविषयी मानसशास्त्र काय सांगते? एरिक एरिक्सन यांनी १९५० साली मांडलेल्या विकासक्रमात आधी ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर येते, मगच दुसऱ्याशी खरी जवळीक साधता येते. ज्याला स्वतःचा ठाव लागलेला नाही, तो दुसऱ्यात एक तर विरघळून जातो, नाही तर त्याच्यापासून पळ काढतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली असे मांडले की, औद्योगिक समाजांत अठरा ते पंचवीस हा आता एक स्वतंत्रच टप्पा झाला आहे. या टप्प्यातील माणूस किशोर राहिलेला नसतो आणि पुरता प्रौढही झालेला नसतो. काम, प्रेम, जीवनदृष्टी यांचा तो शोध घेत असतो. शिक्षण लांबले, विवाह लांबला, म्हणून हा टप्पा निर्माण झाला.

परंतु हे चित्र जसेच्या तसे आपल्याकडे उचलून आणणे चुकीचे ठरेल. तिकडचा तरुण शिकता शिकता घराबाहेर पडतो, खोली भाड्याने घेतो, स्वतःचा स्वयंपाक करतो, चुकतो आणि निस्तरतो. आपल्याकडे शिक्षण तितकेच लांबले, पण स्वावलंबन मात्र आले नाही. वसई-विरारकडून पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या महाविद्यालयात जाणारा आपला विद्यार्थी कष्टाळू आहे, यात वाद नाही. परंतु त्याने कोणती शाखा घ्यावी हे वडिलांनी ठरवले, कोणत्या क्लासला जावे हे काकांनी सुचवले, डबा आईने भरला, कपडे बहिणीने धुतले. नोकरी लागल्यावर त्याचा पगार कोठे गुंतवायचा हेही घरातच ठरते. बावीस-तेवीस वर्षांपर्यंत ज्याला एकही निर्णय स्वतः घेऊन त्याचे परिणाम भोगू दिलेले नाहीत, त्याच्याकडून आपण आयुष्यातील सर्वांत मोठ्या निर्णयाची अपेक्षा करतो, आणि तोही एक-दोन भेटींत.

मुलींचे थोडे निराळे आहे. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीनुसार देशातील ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांत २ कोटी ७ लाख मुली होत्या, म्हणजे जवळजवळ निम्म्या. आपल्या ख्रिस्ती समाजात तर मुलींनी शिक्षणात मुलांना केव्हाच मागे टाकले, असे धर्मग्रामांतून सर्वत्र ऐकू येते. या मुलींना घरकाम येते, नोकरी येते, लोकांत वावरणे येते. त्यांची तयारी बहुधा अधिक असते. पण त्यांच्या तयारीचा अर्थ आपण ‘जुळवून घेणे’ असा करून ठेवला आहे. मुलगी तयार आहे, म्हणजे ती सासरी जुळवून घेईल! आपल्याहून अधिक शिकलेली, कदाचित अधिक पगार मिळवणारी पत्नी मनापासून स्वीकारण्याची तयारी मुलाची आहे का, हे कोणी विचारीत नाही. आमच्या मते आजच्या घडीला विवाहाच्या मानसिक तयारीचा प्रश्न मुख्यतः मुलांचा आहे, आणि शिबिरांतून याविषयी पुरेसे बोलले जात नाही.

आणखी एका गोष्टीविषयी आपल्या समाजात फार मौन आहे. मुलगा व्यसनाच्या आहारी जाऊ लागला, नोकरी टिकेना, रात्ररात्र घरी येईना, की वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘लग्न करून द्या, येईल ताळ्यावर.’ मुलगी महिनोन् महिने उदास असते, कोणाशी बोलत नाही. तिच्याविषयीही हाच उपाय सुचवला जातो. विवाह हे औषध नव्हे. ते औषध मानले, तर दुसऱ्या घरातील एका निष्पाप व्यक्तीला आपण त्या औषधाची बाटली बनवतो. त्यातच कोणावर मानसोपचार चालू असतील, तर ते स्थळ येण्याआधी लपवायचे, गोळ्या कपाटात दडवायच्या, आणि लग्नानंतर सुनेला किंवा जावयाला हळूहळू कळू द्यायचे, असे घडते. संमती मिळवण्यासाठी, वैवाहिक सहजीवनाला गंभीर बाधा आणू शकेल असा स्वतःचा एखादा गुण-दोष मुद्दाम लपवून फसवणूक केली, तर कॅनन १०९८ प्रमाणे तो विवाह अवैध ठरू शकतो. आजार असणे हा दोष नव्हे. नैराश्य, चिंताविकार यांवर उपचार घेऊन उत्तम संसार करणारी कितीतरी जोडपी आहेत. दोष आहे तो लपवण्यात. उपचार घेणारा तरुण, आपल्याला काय होते हे ज्याला ठाऊक आहे व ज्याने ते सांगण्याचे धैर्य दाखवले आहे, तो काहीच न होता सर्वांवर ओरडणाऱ्यापेक्षा विवाहासाठी कितीतरी अधिक सिद्ध असतो.

विवाह मोडला, की पुढची वाट किती खडतर असते याचीही कल्पना आपल्या तरुणांना नसते. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या आज्ञापत्रानंतर विवाह न्यायालयाची प्रक्रिया सुलभ झाली. एकाच निकालावर दुसऱ्या न्यायालयाचे शिक्कामोर्तब सक्तीचे राहिले नाही. परंतु ख्रिस्तसभेने विवाह अवैध ठरवला, तरी देशाच्या कायद्याच्या दृष्टीने तो विवाह तसाच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मॉली जोसेफ खटल्यात हे स्पष्ट केले, आणि ही स्थिती बदलावी म्हणून केलेली याचिका जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली. म्हणजे दोन वेगवेगळे दरवाजे, दोन वेगवेगळ्या चौकश्या, आणि दोन्हीकडे आपल्या घरातील खाजगी गोष्टी परक्यांपुढे मांडणे आले. तिशीच्या आतील मुलामुलींवर हा प्रसंग येतो तेव्हा त्यांच्या आईवडिलांची जी अवस्था होते, ती धर्मगुरूंना जवळून पाहावी लागते.

मग तयारी करायची ती केव्हा? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘फॅमिलियारिस कॉन्सोर्शियो’ या प्रबोधनपत्रात तयारीचे तीन टप्पे सांगितले होते: दूरची, जवळची आणि निकटची. दूरची तयारी बालपणापासून घरात होते, जवळची तारुण्यात, आणि निकटची लग्नाआधीच्या काही महिन्यांत. आपण पहिले दोन टप्पे जवळजवळ सोडून दिले आणि तिसरा दोन-तीन दिवसांच्या शिबिरात कोंबला. त्यातही क्रम उलटा. आधी हॉल ठरतो, वर्ष-वर्ष आधी. मग बँड, केटरर, छायाचित्रकार. मग चर्चची वेळ. आणि सर्वांत शेवटी शिबिर. पत्रिका छापून झाल्यावर शिबिरात एखाद्या मुलीच्या मनात शंका आलीच, तर ती कोणत्या तोंडाने बोलणार? पाचशे पाहुण्यांना बोलावून झाले आहे. शिबिरातील मार्गदर्शन कितीही उत्तम असो, ते अशा वेळी मिळते की त्याचा निर्णयाशी काही संबंधच उरत नाही.

जून २०२२ मध्ये व्हॅटिकनच्या कुटुंबविषयक विभागाने विवाहाच्या तयारीसाठी दीक्षार्थींच्या धर्तीवर एक नवी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. प्राचीन ख्रिस्तसभेत बाप्तिस्म्याआधी प्रौढांना जशी दीर्घ, टप्प्याटप्प्याची सिद्धता करावी लागे, तशीच विवाहासाठी असावी, असा तिचा गाभा आहे, आणि लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतही जोडप्यांना सोबत देण्यावर तिचा भर आहे. तिच्या प्रस्तावनेत पोप फ्रान्सिस यांनी एक बोचरी तुलना केली. ख्रिस्तसभा धर्मगुरू व व्रतस्थ होऊ इच्छिणाऱ्यांच्या तयारीसाठी वर्षानुवर्षे देते आणि विवाह करणाऱ्यांना केवळ काही आठवडे. सेमिनरीत अनेक वर्षे घालवलेल्या कोणाही धर्मगुरूला ही तुलना नाकारता येणार नाही. तेथे दर वर्षी आम्हांला विचारले जाई की, तुला खरोखर हे हवे आहे का, आणि नको असल्यास परतीची वाट मानाने मोकळी होती. साखरपुडा झालेल्या तरुणाला परतीची अशी मानाची वाट आपला समाज ठेवतो का? साखरपुडा मोडला, तर मुलीचे नाव खराब झाले म्हणतात.

धर्मगुरूंनी अपरिपक्व जोडप्याला सरळ नकार का देऊ नये, असे कोणी विचारील. तसा अधिकार त्यांना नाही, आणि नाही हे योग्यच आहे. कायद्याने मनाई नसलेल्या प्रत्येकाला विवाहाचा हक्क आहे. गंभीर कारण असेल, तर बिशप महोदय एखादा विवाह काही काळापुरता रोखू शकतात, कायमचा नव्हे. धर्मगुरूंच्या हाती असते ती समजूत, आणि थोडा वेळ मिळवणे.

याच्या उलट टोकालाही एक धोका वाढताना दिसतो. तिशी ओलांडली तरी ‘अजून माझी तयारी नाही’ असे म्हणणारे सुशिक्षित तरुण-तरुणी आता आपल्याकडेही आहेत. स्वतःचे घर हवे, गाडी हवी, परदेशवारी व्हावी, मन पूर्ण निवांत व्हावे, मग पाहू! मनाची तयारी म्हणजे सर्व भीती संपणे, असा त्यांचा समज झालेला असतो. भीती असूनही शब्द देता येणे व दिलेला शब्द पाळता येणे, एवढीच ती तयारी आहे. बाकी पुष्कळसे एकमेकांच्या सहवासातच शिकायचे असते.

जी तयारी आधी करता येते, ती महाविद्यालयाच्या वयातच करावी लागेल, स्थळ पाहण्यास सुरुवात होण्यापूर्वी. मे महिन्याच्या सुट्टीत धर्मग्रामांतील युवक-युवतींसाठी क्रीडास्पर्धा होतात, सहली होतात. त्यांतील दोन दिवस या विषयाला देता येतील, आणि त्यासाठी प्रमाणपत्राची अट नको. राग आल्यावर मी काय करतो? नकार मिळाला तर मला तो पचवता येतो का? माझ्या पैशांचा हिशेब मी स्वतः ठेवतो का? आईचे म्हणणे पटले नाही, तर तिचा मान राखून मला तसे सांगता येते का? हे प्रश्न तेथे मोकळेपणाने, प्रशिक्षित समुपदेशकांच्या उपस्थितीत बोलले जावेत. मुलामुलींच्या निकोप मैत्रीकडे संशयाने पाहणाऱ्या पालकांनाही एका सत्रास बोलवावे; घरात बोलायची बंदी असली, की मुले दुसऱ्या लिंगाविषयी जे शिकतात ते मोबाईलवरून शिकतात, आणि तेथील शिक्षक कोण असतात हे सांगायला नको. ज्यांना अधिक मदतीची गरज वाटेल, त्यांना शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक ठळक अक्षरांत देऊन ठेवावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा चालू आहे आणि ती मराठीतही मिळते.

धर्मग्राम कार्यालयांत एक बदल तर याच हंगामापासून करता येईल. लग्नाआधी वधू आणि वर यांची जी चौकशी धर्मगुरू करतात, तीत ‘हा विवाह तू स्वेच्छेने करीत आहेस का’ हा प्रश्न असतोच. तो अनेकदा घाईघाईत, सर्वांदेखत विचारला जातो आणि ‘होय’ असे उत्तर लिहिले जाते. वधूला व वराला वेगवेगळ्या वेळी बोलवावे, पत्रिका छापण्याआधी बोलवावे, निदान अर्धा तास द्यावा, आणि त्या वेळी दोन्हीकडच्या आया बाहेरच्या बाकावर बसलेल्या असाव्यात.